टाकीला लावलेली कणीक

डिंडोली, सुरत
रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं

तीर्थरूप राघोदादास,

धाकट्या वाल्मिकचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे इकडे बरे आहोत, आणि तिकडे कामरेजला तुम्हीही बरे आहात याची मला खात्री आहे, कारण नसता तर मला कळलं असतं. (सुषमा आणि तारावहिनी, दोघी जावा, रोज दुपारी फोनवर बोलतात. गेली सहा वर्षं बोलतात. हे तुला माहीत नसेल तर माझ्याकडून कळलं असं कृपया दाखवू नकोस. माहीत असेल तर आपण दोघेही सहा वर्षं एकच सोंग करत आलो आहोत.) त्यामुळे तुझ्या कमरेत भरलेली उसण उतरली हे कळलं, हर्षदाचा नर्सिंगला नंबर लागला हे कळलं, आणि तू गॅरेजवर नवे पत्रे टाकलेस हेही कळलं. आनंद वाटला. तो कळवायची सोय नव्हती म्हणून कळवला नाही. आईची तब्येत चांगली आहे. कालपासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

लिहायला बसल्यावर पहिला अर्धा तास 'तुम्ही' लिहावं की 'तू' यातच गेला. लहानपणापासून तुला 'तू'च म्हणत आलो. पण सहा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला एकदम 'तू' म्हणणं हे, काही घडलंच नाही असं दाखवण्यासारखं होतं. 'तुम्ही' म्हणावं तर फार काही घडलं असं होतं. शेवटी 'तू' ठरवलं. सुरुवातीला एक 'तुम्ही' येऊन गेला आहे, तो तारावहिनी आणि हर्षदा धरून समजावा.

हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहीत नाही. गाडीच्या दुरुस्तीतली एक शंका आहे, आणि माझ्या ओळखीत गाडीचं कळणारा माणूस तू एकटाच आहेस. (हे खरं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक गॅरेज आहे. पण लिहून गेलो ते आता खोडत नाही.) शंका नीट कळावी म्हणून कालचा दिवस सगळा सांगावा लागेल. मी थोडक्यात सांगायचा प्रयत्न करीन. तो जमत नाही हे तुला माहीत आहे.

आज श्रावणातली कानबाई, आपल्या खानदेशची देवी घरी येण्याचा दिवस. आपल्या घरी नैवेद्याच्या रोटाला काय चालतं आणि काय नाही हे तुला सांगायची गरज नाही, पण आईने या सहा वर्षांत नियम जरा आवळले आहेत म्हणून सांगतो. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, हे पूर्वीसारखंच. पण तयार पीठ नको, गिरणीतलं पीठ नको, आणि सुरतेच्या जात्यावरचंही नको, कारण ते जातं कुणाकुणाच्या हाताखालून गेलं असेल कोण जाणे. गहू गावचा, जातं गावचं, दळणारी ती स्वतः. म्हणून दरवर्षी कानबाईच्या आधी तिला शहाद्याजवळ आपल्या गावी घेऊन जायचं, नानाकाकांच्या ओसरीवरच्या जात्यावर तिने दळायचं, आणि पिठाचा डबा मांडीवर घेऊन तिने सुरतेला यायचं. डबा जमिनीला टेकवायचा नाही. एसटीत कुणाचा कुणाला धक्का लागतो, म्हणून एसटी नको. बरोबरच्या पिशवीत साबण नको, कारण त्यात कसली चरबी असेल सांगता येत नाही. (साबणाचं लक्षात ठेव.) आज संध्याकाळपर्यंत त्या पिठाचे रोट झाले नाहीत तर आईच्या मते या वर्षी कानबाई आपल्या घरी आली आणि उपाशी गेली असं होणार. ते झालं तर आई काही बोलणार नाही. तिचं न बोलणं तुला माहीत आहे.

गाडी गोपालची. गोपाल आमच्या शेजारचा, मूळचा दोंडाईचाकडचा. त्याची व्हॅन गॅसवर चालते, आणि आठवडाभर शाळेची पोरं नेते. शनिवार-रविवार तो अशा फेऱ्या करतो. माणूस चांगला आहे, फक्त कुठल्याही गोष्टीला घाबरत नाही, आणि मी प्रत्येक गोष्टीला घाबरतो, त्यामुळे आमचं प्रवासात बरं जमतं असं तो म्हणतो. मला तसं वाटत नाही.

काल सकाळी गावाहून निघालो. आई मधल्या सीटवर, तिच्या मांडीवर पिठाचा मोठा डबा, त्या डब्यावर एक छोटी स्टीलची डबी. मी पुढे गोपालशेजारी. गॅस नंदुरबारच्या अलीकडेच संपत आला आणि पंपावर एवढी रांग होती की गोपालने गाडी पेट्रोलवर टाकली. इथवर कुणाची चूक नाही. पुढची चूक माझी. हायवेवर ट्रक तुंबल्याचं मोबाइलवर लाल दिसत होतं आणि उच्छलकडे जाणारा एक आतला रस्ता नऊ मिनिटं लवकर पोचवीन म्हणत होता. गोपाल म्हणाला, तिकडे डोंगर आहे, पाडे आहेत, पंप नाही. मी म्हणालो, नऊ मिनिटं. आज विचार करतो की मला त्या नऊ मिनिटांचं काय करायचं होतं, तर उत्तर मिळत नाही.

त्या रस्त्याला लागून पाऊण तास झाला असेल, तेव्हा चढावर गोपालचा पाय एकदम खाली गेला आणि गाडी मात्र वर जाईना. अॅक्सिलरेटरची केबल तुटली होती. आजूबाजूला साग, खाली लांबवर धरणाचं पाणी, मोबाइलला रेंज नाही, आणि माणूस म्हणावा तर एक बाई शेळ्या घेऊन डोंगराला लागलेली, ती आमच्याकडे न बघता निघून गेली. मी लगेच आपण परत गावी चालत जायला किती वेळ लागेल याचा हिशोब करायला लागलो. गोपाल म्हणाला, "वाल्मिकभाई, बूट काढा." मला वाटलं चालायचंच ठरलं आहे, आणि चालायचं असेल तर बूट काढायचे का, हे विचारणार होतो. त्याला बुटाच्या नाड्या हव्या होत्या.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे तुला सांगणं म्हणजे कमाल आहे, पण मला काल कळलं. गोपालने माझी सीट उचलून मागे टाकली, इंजिन उघडं केलं, माझ्या दोन्ही नाड्या एकमेकींना बांधून एक टोक केबल जिथे जोडलेली असते त्या कानासारख्या पट्टीला बांधलं, आणि दुसरं टोक मला दिलं. तो स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक बघणार. मी मागे आईशेजारी बसून, तो 'ओढा' म्हणाला की ओढायचं, 'सोडा' म्हणाला की सोडायचं. एवढं सोपं काम. पण दादा, मला ते जमलं नाही. तो 'ओढा' म्हणायचा आणि मी किती ओढायचं असं विचारायचो. तो 'थोडं' म्हणायचा. थोडं म्हणजे किती, हे नाडीवर खुणा केल्याशिवाय कसं ठरणार? मी पेन काढून खुणा करत होतो तेव्हा गाडी तीन वेळा बंद पडली, आणि एकदा उतारावर मागे घसरली. आई एवढा वेळ नाडीकडे बघत होती. शेवटी तिने डब्यावरून हात पुढे केला.

"तू इचार कर," ती म्हणाली. "दोरी मले दे."

तिने नाडी तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती गुंडाळून घेतली, जशी ती बैलांचा कासरा गुंडाळायची. आणि मला हे मान्य करायला हवं की पुढची सात-आठ किलोमीटर गाडी जितकी छान चालली तितकी सकाळपासून चालली नव्हती. गोपाल म्हणायचा, मावशी, ओढा. आई ओढायची. मावशी, सोडा. आई सोडायची. पुढेपुढे तो काही म्हणायच्या आतच आई वळण बघून सोडायला आणि चढ बघून ओढायला लागली. गोपाल मला म्हणाला, तुमच्या आईला लायसन काढून द्या. मी बूट पायात अडकवून, ते पडू नयेत म्हणून बोटं आखडून बसलो होतो. जे काम मला जमलं नाही ते सत्तर वर्षांच्या आईला दोन मिनिटांत जमलं, याचं मला वाईट वाटायला हवं की बरं, हे ठरवत होतो. कदाचित त्या वेळी मी रस्त्याकडे बघायला हवं होतं.

कारण एका उताराला, वळणाच्या आत, साताठ शेंदूर फासलेले दगड आणि वर लाल फडकं असा एक देव लागला. आईने देव पाहिला आणि हात जोडले.

तू समजलास. नाडी तिच्या उजव्या हाताला गुंडाळलेली होती. तिने नमस्कार करून हात कपाळाला लावले, म्हणजे नाडी कधी नव्हे इतकी वर ओढली गेली, आणि गाडी उतारावर, वळणात, आईच्या सगळ्या भक्तीनिशी सुटली. गोपाल 'सोडा, सोडा' म्हणत होता. पण देवापुढे जोडलेले हात कुणी सांगितलं म्हणून आई मध्येच सोडत नाही. व्हॅन रस्त्याची कड सोडून खाली उतरली, एका दगडावर पोट घासून पुढे गेली, आणि एका बोरीच्या झुडपात थांबली. कुणाला काही लागलं नाही. डबा आईच्या मांडीवर तसाच होता, डबी डब्यावर तशीच. (देवाचं नाव मी नंतर विचारलं. तिथल्या बाईला सांगता आलं नाही. ती म्हणाली, पहिल्यापासून आहे.)

मग पेट्रोलचा वास आला. दगडाने टाकीच्या खालच्या बाजूला भोक पाडलं होतं. फार मोठं नाही, करंगळी कशीबशी जाईल एवढं. पण त्यातून आमचं सुरतेपर्यंतचं जाणं बारीक धारेने जमिनीत मुरत होतं. आणि दादा, मी विचार न करता केलेली अशी कालच्या दिवसातली ती एकच गोष्ट: मी गाडीखाली शिरलो आणि त्या भोकाला करंगळी लावली. धार थांबली. गोपालने वाकून बघितलं आणि म्हणाला, "बस. आता हलू नका." मग तो साबण शोधायला गेला. भोकावर साबणाची वडी घासली की पेट्रोल थांबतं, हे तू मला एकदा लहानपणी सांगितलं होतंस असं मला खाली पडल्यापडल्या वाटलं, पण खात्री नाही. तुझ्या तोंडी नसलेलं काही मी पुन्हा घालणार नाही. आमच्या पिशवीत साबण नव्हता, तो का नव्हता हे वर आलं आहे.

डोंगराच्या बाजूला एक घर होतं. तिथली बाई, भागीरथी नावाची, आईला सावलीला घेऊन गेली. आईने मोठा डबा डोक्यावर घेतला. दोन्ही नेता येईनात म्हणून छोटी डबी सीटवर ठेवली आणि वाकून मला गाडीखाली म्हणाली, "त्या डबीवर ध्यान ठेवजो." मी हो म्हणालो. गाडीखालून सीट दिसत नाही, पण ते तिला सांगून तिची काळजी कशाला वाढवायची.

गोपाल अर्ध्या तासाने परत आला. मी त्या अर्ध्या तासात काय केलं ते सांगतो, कारण तुझा त्यात संबंध येतो. करंगळी भोकात घालून माणूस उताणा पडला की त्याला दुसरं काही करता येत नाही. वही नाही, पेन नाही, हलायचं नाही. डोळ्यांपुढे गंजलेला पत्रा. मला सहा वर्षांपूर्वीची ती कानबाई आठवली. तू रोटाचा पहिला घास मोडता मोडता म्हणालास की बाबांच्या शेवटच्या वर्षी तू दर रविवारी येत होतास. आणि मी उठून माझी रोजनिशी आणली आणि सगळ्या भाऊबंदांसमोर, नानाकाकांसमोर, तारीखवार वाचून दाखवलं की बावन्न रविवारांपैकी तू एकोणतीस रविवार आलास. तू ताटावरून उठलास. मला तेव्हाही वाटलं होतं की मी वाचून दाखवायला नको होतं, पण जे वाचलं ते खरं होतं, आणि खरं वाचल्याबद्दल माफी कशी मागायची हे मला सहा वर्षं कळलं नाही. हे मी वहीत बऱ्याच वेळा लिहिलं आहे.

काल गाडीखाली मला एक साधी गोष्ट आठवली. त्या वर्षी आषाढापासून सचिन गावातल्या आमच्या मिलने माझी सुट्टी शुक्रवारची केली होती. रविवारी मी सकाळी सातला बाहेर पडायचो आणि संध्याकाळी सातला घरी यायचो. तू दुपारी यायचास आणि गॅरेज उघडायचं म्हणून चार वाजता परत जायचास. म्हणजे दादा, त्या तेवीस रविवारी घरी तू होतास की नव्हतास हे माझ्या वहीला माहीतच नव्हतं. घरी मी नव्हतो. मी माझी गैरहजेरी तुझ्या नावावर मांडली होती. हे मला कळायला सहा वर्षं लागली आणि टाकीला भोक पडावं लागलं. खरं तर मी रोज रात्री तपासून लिहितो. तुला मी त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आणि खोटा मी होतो. माझं चुकलं. हे याहून बऱ्या शब्दांत लिहायचा प्रयत्न सकाळपासून चार वेळा केला, शब्द बरे झाले की वाक्य खोटं वाटायला लागतं, म्हणून असंच ठेवतो.

तर गोपाल परत आला. साबण मिळाला नव्हता. भागीरथीबाई म्हणाल्या होत्या, "साबू नथी, पावडर छे, चालशे?" पावडर चालत नाही. माती लावून पाहिली, ती धुऊन गेली. गोपालने स्वतःच्या तंबाखूची चुन्यात मळलेली गोळी लावून पाहिली, ती पाच मिनिटं टिकली आणि त्याला पाच मिनिटं फार वाईट वाटलं. मग त्याने विचारलं, कणीक आहे का? पेट्रोलमध्ये कणीक विरघळत नाही, घट्ट मळून आत दाबली आणि वरून फडकं आवळलं की सोनगढपर्यंत जाईल.

आता इथे मी काय केलं ते पायरीपायरीने सांगतो, म्हणजे चूक कुठे झाली ते तूच बघ. मोठ्या डब्यातलं पीठ मोजलेलं होतं. मी गावी आई गहू मोजत होती तेव्हा मोजले होते, आठ वेळा सव्वा मूठ: मी, माझा कुंदन, नानाकाका, त्यांचे तिघे आणि दोन नातू. आठ. त्यानंतर आईने आणखी एकदा सव्वा मूठ घेतली, ती वेगळी दळली आणि छोट्या डबीत भरली. गेली पाच वर्षंही ती असंच करते, आणि दरवर्षी माझ्या वहीत नोंद आहे: 'डबीत पिठी'. म्हणजे पोळी लाटताना खाली लावायचं पीठ. ते कुणाच्या वाट्याचं नाही. कुणाच्या तोंडचं काढल्यासारखं होत नाही. आईला विचारायला जायचं तर करंगळी काढावी लागेल. गोपालला पाठवायचं तर आणखी वीस मिनिटं, आणि संध्याकाळ जवळ येत होती. शिवाय आईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मग पीठ, गाडी आणि कानबाई तिन्ही त्या बोरीत राहिली असती. म्हणून मी गाडीखालूनच म्हणालो, सीटवर डबी आहे, घे. (विचारलं असतं तर नाही म्हणाली असती हे मला माहीत होतं, म्हणजे ते घ्यायला नको होतं हेही मला माहीत होतं. हे आत्ता लिहिताना कळलं.)

गोपालने बाटलीतल्या पाण्याने कणीक मळली. मी करंगळी काढली, त्याने गोळा दाबला, माझा रुमाल वरून आवळला. एक थेंबही नाही. आम्ही दोघे बाहेर येऊन उभे राहिलो. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला गाड्यांतलं काही कळतं.

आई परत आली. तिने रिकामी डबी बघितली. मग वाकून गाडीखाली बघितलं. आत बसली, नाडी बोटांना गुंडाळली आणि गोपालला म्हणाली, चल. सोनगढला आम्ही गॅस भरला. तिथे गॅरेज होतं, गोपालने गाडी हळू केली, पण आईने नाडी ओढली. बारडोलीला तेच झालं. हायवेवर, ट्रकांमधून, डिंडोलीच्या आमच्या दारापर्यंत आईने ती नाडी सोडली नाही. बोटं सुजली ती त्यामुळे. मी वाटेत दोनदा माफी मागितली, पिठी दुसरी आणून देतो म्हणालो. दारात उतरल्यावर तिने मोठा डबा सुषमाच्या हातात दिला, आणि मग माझ्याकडे वळली.

"ती राघोनी डबी व्हती," ती म्हणाली.

दादा, सहा वर्षं ती तुझं पीठ वेगळं दळते आहे. तू आलास तर असावं म्हणून. त्याचे रोट ती वेगळे करते, पौर्णिमेपर्यंत वाट बघते, आणि मग ते तापीत सोडून येते. सुषमाला माहीत होतं. तारावहिनींना माहीत होतं. घरात फक्त मला आणि माझ्या वहीला माहीत नव्हतं.

असो. शंका एवढीच होती की पेट्रोलच्या टाकीत कणीक किती दिवस टिकते, आणि त्यामुळे गाडीला आतून काही अपाय होतो का. सवडीने कळवावं. तारावहिनींना नमस्कार, हर्षदाला आशीर्वाद. कमरेला जप, जड उचलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
वाल्मिक

ता. क. – वरची शंका मी गल्लीतल्या गॅरेजवाल्याला रात्रीच विचारली होती. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, गोळा काढतो, भोक डाकून बुजवतो, केबल टाकतो, मोकळे व्हा. आईने त्याला गाडीला हात लावू दिला नाही. ती दारात पाट टाकून बसली आणि म्हणाली की रोटाचं पीठ परक्याच्या हाताने काढायचं नसतं. ज्यानं पीठ, त्यानाच हात लागाले पाहिजे. मी विचारलं, ही आपल्यातली जुनी चाल आहे का, मी कधी ऐकली नाही. ती म्हणाली, "आते तुनी वहीमा लिखी ले. जुनी हुई जाई." मी लिहून घेतली आहे.

आणखी ता. क. – ज्या माणसाने तुला हे पत्र दिलं आणि जो आत्ता तुझ्या गॅरेजात स्टुलावर बसला असेल, तो गोपाल. उद्या सकाळी साडेसहाला त्याच्या व्हॅनमध्ये शाळेची पोरं बसतात, आणि कणीक लावलेल्या टाकीवर तो ती बसवणार नाही. (मीही बसवू देणार नाही.) आईने त्याला बजावलं आहे की तू उठल्याशिवाय त्याने उठायचं नाही. तो घाबरत नाही हे वर लिहिलं आहे. आईला घाबरतो. पाने आणि केबल आण. पूजा संध्याकाळी साडेसातला आहे, तू चारपर्यंत आलास तर उजेडात काम होईल. तारावहिनींनी साडी नेसून ठेवली असेल, सुषमा रात्री त्यांच्याशी बोलली आहे.

शेवटची ता. क. – तुझ्या वाट्याचं पीठ टाकीत गेलं, तेव्हा तुला वाढायचं काय, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, तुझं त्याला. म्हणजे डब्यातला माझा वाटा तुझ्या ताटात, आणि टाकीतला गोळा माझ्या नावावर. मला हे पूर्णपणे मान्य आहे. पण मग सकाळपासून मला असं दिसतं आहे, की टाकीतलं पीठ जर आता माझं, तर आईच्याच नियमाने ते मी काढलं तरी चालतं, गल्लीतला गॅरेजवाला भोक डाकू शकतो, आणि तुला यायची काहीच गरज उरत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे. मी तो आईपुढे मांडलेला नाही. वहीतही लिहिलेला नाही. तूही कुणाला सांगू नकोस. ये.